आठीवर टेकलेलं कुंकू

आई गेल्यानंतरच्या दिवसांतलं मला आधी आठवतं ते पीठ. पंचवटीत आमच्या दोन खोल्या पिठाच्या गिरणीच्या वर होत्या. सकाळी खाली पट्टा फिरायला लागला की पायाखालची फरशी थरथरायची, मांडणीतली ताटं एकमेकांना लागून किणकिणायची आणि जिन्यातून, खिडकीतून पीठ वर यायचं. ते चादरीवर बसायचं, आरशावर बसायचं, आप्पांच्या मिशांवर बसायचं. आई असताना हातात फडकं घेऊनच फिरायची आणि गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ती गेली आणि फडकं खिळ्याला तसंच लटकत राहिलं. पुसायला हवं हे मला दिसायचं, पण उठवत नसे. दुःख म्हणजे काय असं आज कुणी विचारलं तर मी काही मोठं सांगणार नाही. उठवत नाही, एवढंच सांगेन.

आप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, आईच्या दहाव्याला निफाडकडच्या आमच्या गावाहून आली आणि ‘पोरीला वाऱ्यावर टाकून कशी जाऊ’ म्हणत राहिली ती राहिलीच. ऐन तारुण्यात नवरा गेलेली, दोन मुलगे एकटीनं वाढवलेली, कांद्याच्या वाफ्यांत पाठ वाकलेली बाई. तिची माया तिच्या बोलण्यातून कळत नसे, उलट बोलणं ऐकून माणूस पळूनच गेला असता. तिला गॅसची शेगडी पटायची नाही, नळाचं पाणी पटायचं नाही, मी केस मोकळे सोडलेले तर मुळीच पटायचे नाहीत. बाजरीची भाकरी मात्र अशी करायची की नुसती खावी. तिच्या हातच्या भाजीला तिखट इतकं असायचं की जेवताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तरी कारण विचारावं लागत नसे. त्या दिवसांत आम्हा तिघांची ती मोठीच सोय झाली.

आप्पा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा त्यांनी नाशिकच्याच द्वारका चौकात एक गाळा भाड्यानं घेतला आणि कुणाचं तरी वापरलेलं कोरायचं-कापायचं मशीन आणून मांडलं. शिलाई मशीनच्या टेबलाएवढं ते धूड. कॉम्प्युटर सांगेल तशी त्याची बारीक कटर पत्र्यावरून फिरायची आणि पत्रा कापायची. बाहेर चारी बाजूंनी ट्रक, बस, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न, आणि आत कटरचं ते दाढदुखीसारखं किणकिणणं. पितळी नेमप्लेटा, ट्रॉफीच्या पट्ट्या, पेट्यांवर अक्षरं रंगवायचे पत्र्याचे साचे, अशी कामं यायची. देवळाली कॅम्पातले फौजी हे आमचे चांगले गिऱ्हाईक. ते येताना एखादा विटलेला कापडी बिल्ला आणायचे, कधी चुरगळलेल्या कागदावरचं सिंहाचं तोंड आणायचे, आणि म्हणायचे, “बस, ऐसा ही बना दो.”

ऐसा ही म्हणे. मशीनला चित्र कळत नाही, हे मला तेव्हा सांगावं लागायचं आणि आजही सांगावं लागतं. फोटो म्हणजे नुसते ठिपके, काळे, करडे, पांढरे. मशीनला ठिपके नकोत, त्याला वाट हवी. इथून निघ, तिथवर जा, इथं वळ, परत ये. म्हणून चित्र स्कॅन करायचं, पडद्यावर मोठं करायचं आणि माउसनं त्याच्या कडेकडेनं रेघ ओढत जायचं. रेघ जिथं वळते तिथं एक टिंब ठेवायचं, त्याला आम्ही नोड म्हणायचो. नोड कमी तर चेहऱ्याचा भोपळा होतो, जास्त तर कटर प्रत्येक टिंबावर अडखळते आणि मोडते. आपोआप रेघ काढून देणारं एक बटणही होतं. ते दाबलं की फोटोतला प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती म्हणजे कड समजून कॉम्प्युटर असा काही गुंता काढून द्यायचा की तो सोडवण्यापेक्षा पहिल्यापासून हातानं काढलेलं परवडायचं. आता सगळं फार सुधारलंय म्हणतात. सुधारलं असेल. माझ्याकडे अजूनही लोक त्या बटणानं केलेला गुंता घेऊनच येतात आणि ‘मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणतात. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मी तेव्हा चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला होते. आईच्या आजारपणात दुसरं वर्ष सुटलं. गाळ्यावर रेघा काढणारा माणूस सोडून गेला होता, माझा हात चांगला होता, म्हणून ‘तात्पुरतं’ मी त्या खुर्चीवर बसले. सकाळी घरचं पाणी, झाडलोट, मग आप्पांच्या स्कूटरवर मागं बसून द्वारकेला, दिवसभर माउस, संध्याकाळी येताना भाजीबाजारातून मेथी नाहीतर वांगी, घरी आलं की आत्याची पाठ दाबायची. अंगठ्यापासून कोपरापर्यंत एक कळ असायची, ती झोपेतही जायची नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी एकदोनदा गाळ्यावर आल्या, कॅम्पला स्केचिंगला चाललो म्हणाल्या, कागदांच्या सुरळ्या बगलेत. मी त्यांना चहा पाजला. त्या गेल्यावर फार चिडचिड झाली आणि ती सगळी मी एका सुभेदाराच्या सिंहावर काढली. त्याची आयाळ भलतीच उग्र झाली होती, आणि तीच त्याला आवडली.

मग आत्याच्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आले आणि गावाकडून निरोपांवर निरोप येऊ लागले. एका रात्री जेवताना आत्या म्हणाली, “दिगंबर, मी काय जल्माची पुरणार नाय. ही पोरगी उजवली तर तुला पाणी कोन देईल, आन नाय उजवली तर ही इथंच भांडी घासत म्हातारी होईल. दुसरं लगीन कर.” आप्पा काही बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिले. आई गेल्यापासून ते तिच्याबद्दल चकार शब्द बोलत नसत, चांगला नाही आणि वाईटही नाही. आत्यानं त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार धरला. तिचं सगळं आयुष्य पुरुषांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्यात गेलेलं.

आप्पा बिजवर, वय चाळिशीच्या पुढचं, पदरी लग्नाची मुलगी. तरी स्थळ आलं. कुसुम तिचं नाव. देवळाली कॅम्पात शिवणकाम करायची, फौजींच्या वर्द्या अंगाबरोबर करून द्यायची. वडील लवकर गेले, पाठच्या भावंडांना मार्गी लावता लावता हिचं लग्नाचं वय निघून गेलं. ती आमच्याकडे आली तेव्हा पोहे मी केले. लग्नाची मुलगी मी, आणि पोहे करून दाखवतेय ते माझ्या बापाच्या होणाऱ्या बायकोला. मी मुद्दाम मीठ घातलं नाही. तिनं ते संपवले आणि बशी स्वतः मोरीत नेऊन विसळली. सावळी, उंच, बोटांना सुईचे घट्टे पडलेले, बोलणं कमी. तिच्यात नाव ठेवण्यासारखं मला काही सापडेना, त्याचाही राग आला. मला ती नको होती, आणि तिच्या येण्यानं जी सुटका होणार होती ती मात्र हवी होती. कॉलेजच्या सरांनी सांगून ठेवलं होतं की जूनमध्ये आलीस तर वर्ष पुढं चालू करता येईल.

आमच्याकडे बिजवराशी लग्न झालेल्या बाईनं गळ्यात सवतीचा टाक घालायचा असतो. पहिली गेलेली असली तरी ती घरातली थोरली. तिची चांदीची छोटी प्रतिमा धाकटीनं मंगळसूत्राबरोबर गळ्यात वागवायची, सणावाराला हळदकुंकू आधी तिला लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. नाहीतर थोरली रुसते. आत्यानं हे सगळं त्या बैठकीतच सांगून टाकलं आणि वर म्हणाली, “टाक नाय तर लगीन नाय. सराफाकडं तयार मिळतो, मी आणीन.”

तयार टाक मी पाहिलेला होता. ठोकून काढलेली एक बाहुली, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, पदर आणि हात जोडलेले. सगळ्या मेलेल्या बायकांना तीच एक बाहुली. कुसुमनंही पाहिली असावी. ती खाली मान घालून बसली होती, तिनं मान वर केली.

“आक्का, टाक मी घालीन,” ती म्हणाली. “पण त्याच्यावर ताईंचाच चेहरा असू द्या. बाहुलीला नमस्कार करून मी कुणाशी बोलू?”

“चेहऱ्याचा टाक कोन करतं?” आत्या म्हणाली.

“यांच्या गाळ्यावर होतं ना. फोटोवरून. सुषमा करते, असं ऐकलं मी.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मी करणार नाही,” आणि पोह्याची कढई घेऊन मोरीवर जाऊन बसले. माझी आई मीच कापायची आणि मीच हिच्या गळ्यात बांधायची, हे मला फार म्हणजे फारच झालं. बाहेर काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून सगळं माझ्यापाशी अडलं. मी टाक केला नाही तर आत्या लग्न होऊ देणार नव्हती, लग्न झालं नाही तर आत्याला गावी जाता येणार नव्हतं आणि मला कॉलेजात. हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. तरी मी आईचा फोटो असलेला डबा उघडला नाही.

मधल्या एका दुपारी कुसुम कॅम्पच्या बसनं द्वारकेला उतरून एकटी गाळ्यावर आली. आप्पा माल द्यायला गेले होते. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून ती पडद्यावरची रेघ बघत राहिली. मी एका शाळेच्या ट्रॉफीची मशाल काढत होते. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण किती वेळ गप्प बसणार.

“तुम्हाला आईचाच चेहरा कशाला हवाय?” मी विचारलं. “बाहुली घातली असती तर आतापर्यंत झालंसुद्धा असतं सगळं.”

“मला भीती वाटते गं,” ती म्हणाली. “ज्या घरातली बाई गेलीय तिथं जायचं, तिचे डबे उघडायचे, तिच्या पोळपाटावर लाटायचं. ती कशी होती हे मला कुणी सांगत नाही. तुझे आप्पा बोलत नाहीत, आक्का म्हणतात देवमाणूस होती. देवमाणसाच्या घरात मी कशी राहू? चेहरा तरी बघू दे.”

मी मशालीची ज्योत पूर्ण केली. ती उठताना म्हणाली, “तुला नसेल जमत तर नको करू. मी आक्कांना सांगते, मलाच नाही करायचं लग्न म्हणून. तुझ्यावर येणार नाही.” आणि गेली. ती हे खरंच करेल याची मला खात्री पटली आणि मी जास्तच वैतागले. चांगल्या माणसांशी भांडताही येत नाही.

दोन-चार दिवसांनी आप्पा संध्याकाळी घरी आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाकडी फळी घेऊन. आम्ही पत्रा कापताना तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं अशा फळीवर चिकटवायचो, म्हणजे कटरखाली हलत नाही. आप्पांनी फळी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली, कागद सोडला. पितळी पत्र्यावर रुपयाएवढा एक चेहरा कापलेला होता. त्यांनी स्वतः डब्यातून फोटो काढला होता, स्वतः स्कॅन केला होता आणि ते आपोआप रेघ काढायचं बटण दाबलं होतं. आप्पांना कॉम्प्युटर येत नव्हता. माउस धरला की तो टेबलावरून खाली जायचा. त्यांनी हे कसं केलं असेल कोण जाणे. चेहरा खडबडीत होता, हनुवटी करवतीसारखी, पण कपाळ, त्याच्यावर मोठं गोल कुंकू, पदराची कड, असं बघितलं की आईच होती.

“ही चाचणी आहे,” आप्पा म्हणाले. “जमलं तर चांदीत करू.”

आत्यानं नखानं पत्रा सोडवून उचलला आणि उजेडाला धरला. कुंकू आलं नाही. ते फळीवरच चिकटून राहिलं. पत्र्यात कपाळाच्या जागी नुसतं भोक.

यात गूढ काही नव्हतं. चेहऱ्याचा उजळ भाग कापून काढायचा आणि गडद भाग पत्र्याचा ठेवायचा, अशी ती पद्धत. कपाळ उजळ म्हणून ते कापलं जातं, आणि कपाळाच्या मधोमध असलेलं कुंकू चारी बाजूंनी सुटतं. इंग्रजी ‘ओ’चा आतला गोळा असाच पडतो, ठ लिहिला तरी पडतो. म्हणून अशा जागी एक बारीक पट्टी न कापता ठेवायची, तिला आम्ही जोड म्हणायचो. रोजचं काम होतं ते माझं. पण आत्याला हे कोण सांगणार? तिनं पत्रा ओट्यावर ठेवला आणि खाली बसली. कपाळावर कधीच काही न लावणारी ती बाई. म्हणाली, “इंदू सवाष्ण गेली. कुंकू संगं घेऊन गेली. तेवढंच तर तिनं नेलं. आन तुम्ही ते बी तिच्या कपाळावर ऱ्हाऊ देईना.” इंदू म्हणजे माझी आई. आप्पा फळीवरचं ते पितळी टिंब नखानं काढायला बघत होते आणि ते निघत नव्हतं. मला बघवेना. मी फळी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, “राहू द्या. मी करते.”

तर ते काम असं माझ्याकडे आलं. कुसुमसाठी नाही, कॉलेजसाठी तर नाहीच. आईचं कपाळ उघडं पडलेलं मला सहन झालं नाही.

फोटो होता चुलतभावाच्या लग्नातला. आई पंगतीत आमटी वाढतेय, हातात पळी, कुणीतरी हाक मारली म्हणून तिनं वर पाहिलंय. एवढाच एक चेहऱ्याचा बरा फोटो, कारण फोटो काढायचा म्हटलं की ती पदर तोंडावर घ्यायची. पडद्यावर मोठा केला की तिचा चेहरा मावेनासा व्हायचा, मग एक डोळा बघायचा, मग नाकपुडी, मग ओठांचा कोपरा. मी आईकडे जिवंतपणी एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं. एरवी मी दिवसभर अनोळखी माणसांचे, सिंहांचे, देवादिकांचे चेहरे काढायचे तेव्हा हात आपोआप चालायचा. इथं एक टिंब ठेवलं की थांबायचे. रुपयाएवढ्या चांदीत फार रेघा मावत नाहीत, कटरपेक्षा बारीक काही राहूच शकत नाही. म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते मी ठरवायचं. गालावरचा तीळ टाकला. कानामागची बट टाकली. टाकलं की लगेच पुढची रेघ काढायचे. नुसतं कोरा, कापू नका, असंही मी आप्पांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले कोरलेली रेघ अंगावर झिजते, घामानं चार-पाच वर्षांत चेहरा पुसला जाईल, आरपारच कापू.

राहता राहिला कुंकवाचा जोड. मी छापून कागद घरी आणायचे आणि आत्या ओट्याशी उभी राहून नापास करायची. जोड वर केसांपर्यंत नेला. आत्या म्हणाली, “हा मळवट झाला. देवी बसवायची का काय?” खाली नाकाच्या शेंड्याकडे आणला. “हे गंध झालं. इंदूचा बुवा केला तू.” बाजूला, भुवईकडे तिरका नेला तर म्हणाली, “ही आठी दिसती. तिच्या कपाळाला कधी आठी पाह्यली का कुनी? देवमानूस व्हती ती.” मी कागद चुरगळला. सगळं करून थकले होते, आणि तिचं चुकत होतं असंही मला वाटलं नाही. फोटो साफ करताना सगळ्यात आधी मी जे पुसलं होतं ते दोन भुवयांवरची ती घडीच होती. मेलेल्या माणसाचा चेहरा आपण गुळगुळीतच करतो. गिऱ्हाइकं तर सांगूनच जातात, सुरकुत्या काढून टाका.

आप्पा बाजूला जेवत होते. त्यांनी तो चुरगळलेला कागद उचलला, मांडीवर ताणून सपाट केला.

“होती की आठी,” ते म्हणाले.

आत्या कागद बघायला वाकली.

“रोज असायची. आमटीचं मीठ चाखताना असायची. मी पगार हातात ठेवला की असायची. गिरणी सुरू झाली की असायची. लग्नात अंतरपाट दूर केला तेव्हा पहिली तीच बघितली मी. म्हटलं, आता आयुष्यभर हिचं ऐकायचंय.” ते हसले. मग म्हणाले, “आक्का, तिला देवमाणूस नको करू. ती मला तशी आठवेना झालीय.”

त्या रात्री आप्पा आईबद्दल बोलत बसले आणि आत्या त्यांना ताक देत राहिली. तिची भांडणं, तिचं रुसून माहेरी जाणं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येणं, कारण भाकऱ्यांचं पीठ मळून ठेवलेलं होतं. आम्ही तिघं हसलोही. आई गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा ती खरी घरात आल्यासारखी वाटली मला, आणि मी रडले ते तिखटाच्या नावाखाली मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी आठी परत आणली. भुवईवरून निघालेली एक बारीक रेघ वर चढते आणि कुंकवाला खालच्या बाजूनं टेकते. तीच जोड. चांदीचा पत्रा आप्पांनी फळीवर चिकटवला, कटरला तेलाचा थेंब दिला आणि मशीन सुरू केलं. बाहेर द्वारकेला गाड्या तुंबलेल्या, हॉर्न वाजताहेत, आणि आम्ही दोघं ती कटर आईच्या हनुवटीवरून वळताना बघतोय. संपल्यावर आप्पांनी मलाच उचलायला सांगितलं. मी नखानं कड सोडवली. कुंकू कपाळाबरोबर वर आलं.

लग्न पंचवटीतच एका देवळाच्या ओवरीत झालं, मोजकी माणसं. टाक मी कुसुमच्या हातात दिला. तिनं तो लगेच गळ्यात घातला नाही. ओवरीच्या कडेशी नेला, उजेडाला धरून बराच वेळ पाहिला.

“ताई जरा रागातच आहेत,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटलं. “होतीच ती तशी.”

“बरं झालं कळलं.” मग तिनं मान पुढं केली आणि मी दोरा बांधला. तिला मी मावशी म्हणू लागले. आईची बहीण ती मावशी, त्यात खोटं काही नव्हतं. आत्या गावी गेली, जाताना माझ्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घालून गेली. मी जूनमध्ये कॉलेजात गेले, कोर्स पुरा केला, पण शिक्षिका झाले नाही. आप्पांच्या मणक्यानं दगा दिला आणि मी परत त्याच खुर्चीवर बसले. माझं लग्न झालं, गाळा बदलला, मशीनं बदलली, खुर्ची तीच. याची तक्रार करायलाही आता कंटाळा येतो.

आप्पा गेले तेव्हा मावशीनं मंगळसूत्र उतरवलं, टाक उतरवला नाही. बायकांमध्ये कुजबुज झाली, की नवराच नाही तर सवत कसली. ती म्हणाली, “नवरा आम्हा दोघींचा गेलाय. तिला एकटीला कुठं टाकू?” आणि काळ्या दोऱ्यात ओवून तो गळ्यात ठेवला. परवा दवाखान्यात तिच्या पाठीची तपासणी होती. मशीनमध्ये जायच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढा, असं तिथल्या पोरीनं सांगितलं. तिनं बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, मग दोरा डोक्यावरून काढून माझ्यापुढं धरला. “धर. हिला खाली ठेवू नको.” माझ्या दोन्ही हातांत तिच्या फायली आणि चपला. मी मान खाली केली, तिनं तो माझ्याच गळ्यात घातला. चेहरा जराही झिजलेला नव्हता, आप्पा बरोबर होते. ती मागं नाड्या असलेल्या त्या पांढऱ्या पोशाखात स्ट्रेचरवर बसली.

“तुझ्या आईला मी घातलं,” ती म्हणाली. “माझ्यामागं तर कुणी यायचं नाही. मला कोण घालणार गं?”

मी फायली आणि चपला बाकावर टाकल्या आणि पर्समधून फोन काढला.

“हलू नका,” मी म्हटलं. “मान जरा डावीकडे, उजेडात. फोटो काढते.”